एकतीस कट्टे आणि चाकाचे अकरा फेरे

दिवाळी सरते आणि कामठ्याच्या शिवारात धानाची मळणी जोर धरते. गोंदिया तालुक्यातलं हे जुन्या जमीनदारीचं गाव. इथलं धान गोंदियाच्या राईस मिलांकडे आणि खरेदी केंद्रांकडे निघतं, ते बहुधा पिकअपमधून. त्यात कोऱ्या गाड्या असतात, तशा दहा-बारा पावसाळे पाहिलेल्या आणि दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्याही असतात. इंजिन ठणठणीत, हौद्याला नवा रंग, आरशाला झेंडूची माळ. ब्रेकबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "लागतो की!" ब्रेक लागतो, हे खरंच. पण किती लागतो? या प्रश्नाचं उत्तर मीटरमध्येच द्यावं लागतं, आणि ते आकडे प्रत्येक गाडीमालकाने एकदा तरी स्वतः मांडून पाहावेत असे आहेत.

हिशेबासाठी एक गाडी धरू. रिकामी पिकअप १,७०० किलो, चालक ६० किलो, हौद्यात धानाचे ३१ कट्टे. कट्टा ४० किलोचा, म्हणजे माल १,२४० किलो. एकूण वजन बरोबर ३,००० किलो. वेग ताशी ६० किलोमीटर. या वेगाने गाडी एका सेकंदात १६.७ मीटर जाते.

चौथ्या मजल्यावरून पडलेला कट्टा

धावत्या वस्तूतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आपल्या गाडीत ताशी ६० च्या वेगाला ४ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा असते. ताशी ३० ला ती फक्त १ लाख ४ हजार होती. वेग दुप्पट झाला, ऊर्जा चौपट झाली. आणि ताशी ८० केले तर? ७ लाख ४१ हजार. काटा ६० वरून ८० वर जाताना वेग एक-तृतीयांशाने वाढतो, ब्रेकचं काम मात्र ७८ टक्क्यांनी वाढतं.

ज्यूल हे एकक डोळ्यांपुढे उभं राहत नाही, म्हणून उंचीत सांगतो. ताशी ६० चा वेग म्हणजे १४ मीटरवरून खाली पडल्यावर जमिनीला टेकताना जो वेग असतो तो. चार मजली इमारतीच्या गच्चीची ही उंची. हौद्यातला प्रत्येक कट्टा, केबिनमधला चालक आणि शेजारी बसलेलं पोर, सगळेच त्या क्षणी त्या उंचीवर असतात. ब्रेकने त्यांना तिथून अलगद खाली आणायचं असतं.

ही ऊर्जा नाहीशी होत नाही, उष्णता बनते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. आणि ती तयार होते पावणेतीन सेकंदांत.

इंजिनाहून सहापट बलवान

ब्रेक, टायर आणि रस्ता चांगले असतील, तर भरलेली पिकअप दर सेकंदाला साधारण ६ मीटर प्रति सेकंद इतका वेग गमावू शकते. म्हणजे दर सेकंदाला काटा ताशी २१-२२ किलोमीटरने उतरतो. या गतीने ६० वरून शून्यावर यायला २३ मीटर लागतात. ६६ सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरांहून किंचित जास्त जातं. म्हणजे तीन टनांची गाडी थांबवायला चाकाला जेमतेम ११ फेरे मिळतात.

ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी ही यंत्रणा ३०० किलोवॅट दराने ऊर्जा पचवते, म्हणजे सुमारे ४०० हॉर्सपॉवर. जुन्या पिकअपचं डिझेल इंजिन साठ-सत्तर हॉर्सपॉवरचं. गाडीतलं सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नाही, ते चाकांच्या आत बसलेलं आहे. इंजिन जो वेग कण्हत-कण्हत जमवतं, तो ब्रेक तीन सेकंदांच्या आत संपवतो. तरीही मिस्त्रीकडे गाडी जाते ती इंजिनाचा आवाज बदलला म्हणून. ब्रेक बिचारा आवाज न करता कमी होत जातो.

आता आयुष्यभराचा हिशेब करू. समजा, पिकअप दोन लाख किलोमीटर चालली आणि दर किलोमीटरला एकदा ताशी ४० वरून थांबली. ब्रेकने एकूण ३,७०० कोटी ज्यूल पचवले, म्हणजे विजेचे दहा हजारांहून जास्त युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती वीज साडेआठ वर्षं पुरली असती. आणि पॅडची झीज? आठ मिलिमीटर जाडी अशा ४० हजार थांब्यांना पुरली, असं धरलं तर एका थांब्याला पॅड ०.०००२ मिलिमीटर झिजतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची सर्वांत आखूड लहरसुद्धा जवळपास याच्या दुप्पट लांब असते. रोजच्या रोज पाहून ही झीज कळणं अशक्य आहे. म्हणूनच ती मोजावी लागते.

पायाचे ३० किलो, चाकापाशी पावणेतीन टन

माणसाच्या पायात चारशे हॉर्सपॉवर पेलण्याची ताकद येते कुठून? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने मांडलं. त्यावर चालणाऱ्या मोटारीच्या ब्रेकचं पेटंट माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये घेतलं. आपल्याकडे टेल्कोची टाटामोबाइल १९८८ मध्ये रस्त्यावर आली, आणि तिच्यामागून आलेल्या पिकअपांचे ब्रेकही याच तत्त्वावर चालतात.

चालकाने पॅडलवर ३० किलोचा जोर दिला. पॅडलची तरफ तो चौपट करते : १२० किलो. पुढे येतो बूस्टर. नऊ इंची बूस्टरच्या पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला साधी हवा असते. ती साधी हवा सुमारे ३३५ किलोंच्या जोराने ढकलते. दोन्ही मिळून साडेचारशे किलो, आणि ते पडतात मास्टर सिलेंडरच्या २२ मिलिमीटरच्या पिस्टनवर. ब्रेक ऑइलमध्ये ११८ बार दाब तयार होतो. पिकअपच्या टायरमधल्या हवेच्या तेहतीस-चौतीसपट. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला ५४ मिलिमीटरचा पिस्टन या दाबाने डिस्कवर पॅड आवळतो, तो पावणेतीन टनांच्या जोराने. जवळपास भरलेल्या गाडीच्या वजनाएवढा जोर, आणि तो एकेका चाकापाशी.

एवढ्या प्रचंड जोरासाठी हालचाल किती? पिस्टन सरकतो साधारण ०.३ मिलिमीटर. त्यासाठी सिलेंडरमध्ये ऑइल जातं ०.७ मिलिलिटर, म्हणजे अवघे चौदा थेंब.

या साखळीतून बूस्टर काढून टाकला तर उरतो साधारण चौथा हिस्सा. त्याच पायाने, त्याच जोराने दाबलं तरी २३ मीटरऐवजी ८६ मीटर लागतील. डिझेल इंजिन पेट्रोलसारखं स्वतः व्हॅक्यूम तयार करत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. इंजिन बंद झालं की पंप बंद, आणि साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो. डिझेल वाचवायला उतारावर चावी बंद करून गाडी सोडणाऱ्याने हे दोन आकडे केबिनमध्ये लिहून लावावेत : २३ आणि ८६.

थेंबाचा सातवा भाग

आता या साखळीतली सर्वांत नाजूक गोष्ट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या धानपट्ट्यात ओल कमी नाही. कोऱ्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा, असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तोच १४० अंशांपर्यंत चालतो. गाडीत अर्धा लिटर ऑइल धरलं, तर ३.७ टक्के म्हणजे साधारण १८ मिलिलिटर पाणी. बाहेरून काही दिसत नाही. टाकीतली पातळी 'मॅक्स'वरच असते.

थांबताना निम्म्याहून जास्त काम पुढची चाकं करतात, कारण आपली गाडी जोरात थांबताना ५०० किलोंहून जास्त भार मागून पुढे झुकतो. सात-सात किलोंच्या दोन डिस्कांनी ६५ टक्के ऊर्जा घेतली, तर एका थांब्याला त्या ४२ अंशांनी तापतात. एक थांबा काहीच नाही. पण निवायला वेळ न देता असे दहा थांबे घेतले तर? सव्वाचारशे अंशांकडे वाटचाल. उतार आणखी कठीण. सालेकसा-दरेकसाकडच्या डोंगराळ भागात १०० मीटर खाली उतरणं म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा थांबण्याइतकी उष्णता. लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट साडेपाचशे मीटर उतरतो. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडून फक्त ब्रेकवर धरली, तर ३९ थांब्यांचं काम सलग होतं. खालच्या गिअरमध्ये उतरलं की त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं.

ही उष्णता कॅलिपरमधून ऑइलपर्यंत पोचली आणि ऑइल उकळलं, की पाण्याची वाफ होते. एका मिलिलिटर पाण्याची सुमारे १,६५० मिलिलिटर वाफ. मास्टर सिलेंडरचा पिस्टन पूर्ण ३० मिलिमीटर गेला तरी पुढे ढकलतो ११.४ मिलिलिटर. तेवढी वाफ व्हायला पाणी किती लागतं? ०.००७ मिलिलिटर. एका थेंबाचा सातवा भाग! द्रव दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दबते म्हणून पॅडल फळीला टेकतं आणि गाडी पुढेच जात राहते. अठरा मिलिलिटर पाणी वाहून नेणाऱ्या गाडीला बुडवायला त्यातला थेंबाचा एक तुकडा पुरतो.

मागच्या ड्रमचं गणित निराळं. २५० मिलिमीटरचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. लायनरला तेवढं जास्त जाऊन त्याला गाठावं लागतं. घाटात "पॅडल लांब गेलं" असं चालक म्हणतो, तेव्हा ड्रम खरोखरच मोठा झालेला असतो.

दहा-दहा टक्क्यांची गळती

गोंदिया जंक्शनवरून जाणारी कोळशाची मालगाडी पाहा. ५८ वाघिणी, एकेकीचं भरलेलं वजन ८० टनांच्या वर, एकूण पावणेपाच हजार टनांच्या घरात. ताशी ६० ला तिच्यात आपल्यासारख्या दीड हजारांहून जास्त पिकअपांची ऊर्जा असते. पण तिच्या ब्रेकला एक मोठं संरक्षण आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमाराला आणलेल्या ब्रेकमध्ये पाइपमधला हवेचा दाब ब्रेक सोडवून ठेवतो. पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागतो. पिकअपचं याच्या उलट आहे. तिथे पाइप फुटला की ब्रेक जातो. म्हणून तर मास्टर सिलेंडरचे दोन वेगळे भाग करावे लागले, एक गेला तरी दुसरा राहावा यासाठी. मालगाडीचा ब्रेक बिघाड स्वतः जाहीर करतो. पिकअपचा बिघाड मालकालाच शोधावा लागतो.

तो शोधायचा कुठे? चार कड्या धरू : बूस्टर आणि त्याचा व्हॅक्यूम पाइप, ऑइल आणि रबरी होज, कॅलिपर आणि व्हील सिलेंडर, पॅड आणि लायनर. प्रत्येक कडी फक्त १० टक्के ढिली झाली, असं समजा. पाइपला बारीक चीर, होज किंचित फुगणारा, कॅलिपरची पिन थोडी अडकलेली, लायनरला काचेसारखी चकाकी. यातली एकही गोष्ट सुटी पाहिली तर चिंतेची वाटत नाही. पण हे नुकसान बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.६६. एक-तृतीयांश ब्रेक गेला आणि एकही भाग निकामी झालेला नाही.

सहाच्या जागी आता चार उरले. २३ मीटरवर थांबणारी गाडी ३४.७ मीटरवर थांबू लागली. फरक साडेअकरा मीटर. पण खरा आकडा वेगळाच आहे. चांगल्या ब्रेकची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागेवरून ही गाडी जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३४ ते ३५ किलोमीटर असतो. शाळेतून सुटलेलं मूल त्या जागी उभं असेल, तर एका गाडीने त्याला स्पर्शही केलेला नाही आणि दुसरी त्याला जीवघेणी धडक देते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोजची सुमारे ४६२. ब्रेकचा प्रत्येक मीटर माझ्या मते या आकड्याशेजारी ठेवूनच पाहायला हवा.

त्यात कट्टे वाढवले की काय होतं, हेही मांडू. ३१ ऐवजी ५० कट्टे टाकले तर गाडी ३,७६० किलोंची होते. ढिल्या ब्रेकचा जोर तेवढाच राहतो, म्हणून थांबायला ४३.५ मीटर लागतात. जास्तीचा माल पेलायला मागे पाटे वाढवले, तर आणखी एक गोष्ट बिघडते. अनेक पिकअपना मागच्या अॅक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे कडक केले की हौदा खाली बसतच नाही. व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि गाडी सर्वांत जड असतानाच मागचा ब्रेक कमी करतो.

आधी मूळचं परत मिळवा

जुन्या पिकअपचा ब्रेक सुधारायचा म्हटलं की मोठे बदल सुचवले जातात : मागे डिस्क बसवा, मोठा बूस्टर टाका, रुंद टायर घाला. पण आपल्या हिशेबात हरवलेले साडेअकरा मीटर कुठल्याही नव्या भागाच्या अभावी गेलेले नाहीत. ते मूळच्या चार कड्यांतूनच गळाले आहेत आणि तिथूनच परत येतात. शिवाय चाकांना रस्ता धरून ठेवणारी जागा ठरलेली आहे. ५० पीएसआय हवेवर तीन टनांची गाडी जमिनीला टेकते ती सुमारे ८५० चौरस सेंटिमीटरवर, चारही टायर मिळून ए-फोरच्या दीड कागदापेक्षाही कमी जागेवर. टायर गुळगुळीत असतील तर ब्रेक कितीही मोठा बसवा, चाक घसरणारच. टायरचा व्यास वाढवला तर नुकसानच होतं : त्रिज्या ३३ वरून ३६ सेंटिमीटर झाली की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर आठ टक्क्यांनी घटतो. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

म्हणून क्रम असा लावावा. पहिलं, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरणं आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढणं. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर. दुसरं, बूस्टरची परीक्षा. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबायचं, मग दाबून धरून इंजिन चालू करायचं. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. तिसरं, रबरी होज, कॅलिपरच्या पिना आणि व्हील सिलेंडरची गळती. मागच्या हबच्या सीलमधून लायनरवर ऑइल उतरलं असेल, तर सील बदलून लायनरही बदलायचे, पुसून चालत नाही. चौथं, पॅड आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, आणि ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर. त्यातही ड्रमवर कोरलेल्या मर्यादेच्या आत. पाचवं, लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी मोकळी आहे ना, ते पाहणं.

खर्चाचाही आकडा पाहू. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या भावाने आपल्या ३१ कट्ट्यांची किंमत २८,५२० रुपये आणि एका कट्ट्याची ९२० रुपये. ब्रेक ऑइलची अर्धा लिटरची बाटली एका कट्ट्याच्या किमतीत येऊन पैसे उरतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेसची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. पण तपासणीचा दिवस एक असतो, ब्रेक मात्र उरलेले ३६४ दिवसही लागायला हवा.

आणि दुरुस्तीला सवड मिळेपर्यंत? तोवर एक सुधारणा आजपासून, फुकट करता येते. ढिल्या ब्रेकची तीच गाडी ताशी ६० ऐवजी ५० ने चालवली, तर ती २४ मीटरवर थांबते. नव्या ब्रेकच्या गाडीला ६० ला २३ लागत होते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातोच. तोही धरला तर ५० ची जुनी गाडी ३८ मीटरवर थांबते आणि ६० ची चांगली गाडी जवळपास ४० मीटरवर. वीस किलोमीटरच्या वाटेवर या दहाच्या फरकाने वेळ जातो चार मिनिटं. मिलच्या दारात रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी चार मिनिटं काहीच नाहीत. ती आज द्यावीत, आणि ब्रेकचं काम याच आठवड्यात करून घ्यावं.